वडिलांचा रकाना

२०२४च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. लेक बाहेरच्या खोलीत महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती आणि मी ओटा पुसत होते. तिनं हाक मारली, "आई, इथे विचारलंय, वडील हयात आहेत का. काय भरू?"

मी ओल्या हातानंच बाहेर आले. रकान्यात दोनच पर्याय होते, 'होय' आणि 'नाही'. ती म्हणाली, "'नाही' टाकलं तर त्यांच्याबद्दलचे पुढचे प्रश्नच येणार नाहीत." आवाजात राग नव्हता, तिला फक्त फॉर्म संपवून झोपायचं होतं. मला मात्र खुर्ची ओढून खाली बसावं लागलं.

"'होय' टाक," मी म्हटलं. "खोटं एकदा लिहिलं की चार वर्षं सांभाळत बसावं लागतं. आणि ते आहेत ना, बाळा."

तेव्हापासून हे कुणाशी तरी बोलायचं मनात होतं. तुमचा घटस्फोट झालाय, मूल तुमच्याजवळ आहे आणि कॉलेजच्या फीचं नाव काढलं की समोरून फोन उचलला जात नाही, अशा तुमच्याशी. बहुतेक तुम्ही आई असाल. पण कागदपत्रं तपासायच्या रांगेत मला एकट्यानं दोन मुली वाढवणारे एक गृहस्थही भेटले होते. त्यांचीही कहाणी हीच, म्हणून हे त्यांच्यासाठीही आहे.

आमचा घटस्फोट परस्परसंमतीनं झाला तेव्हा लेक सात वर्षांची होती. कागदात तिच्या शाळेचा उल्लेख होता. कॉलेजचा नव्हता. सात वर्षांच्या मुलीकडे बघून कॉलेज कुणाला सुचतं? पुढे कधीतरी तोंडी ठरलं की बारावीपर्यंत मी करीन आणि नंतरचं ते बघतील. त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली! अकरावीत असताना तिनं पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक आणलं. वर्षाची फी माझ्या पतसंस्थेतल्या वर्षभराच्या पगाराच्या जवळपास जात होती. तरी मी 'बघू' म्हटलं, कारण ते वाक्य माझ्या हिशेबात जमा धरलेलं होतं. बारावीची परीक्षा झाली, मे उजाडला आणि त्यांचा निरोप आला, "मला जमणार नाही." तीन शब्द. पुढे खुलासा नाही.

माझी चूक झाली ती इथे. जे पैसे हातात नव्हते ते मी यादीत धरले. आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: कॉलेजची यादी तुमच्या पगारावर, तुमच्या साठवणीवर आणि मुलाला हक्कानं मिळू शकणाऱ्या सवलतींवर करा. समोरच्याकडून येतील ते पैसे वेगळ्या वहीत लिहा. आले तर लॅपटॉप घ्या, मेस भरा, पुढच्या वर्षासाठी ठेवा. प्रवेश त्यांच्यावर टांगू नका. प्रवेश फेऱ्यांच्या तारखा कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाहीत.

म्हणून हक्क सोडायचा, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडच्या बायका फार लवकर 'नको ते पैसे' म्हणून मोकळ्या होतात. मीही झाले होते. पण ते पैसे माझे नव्हतेच, लेकीचे होते. आईनं स्वतःपुरती मागणी सोडली म्हणून मुलाचा हक्क सुटत नाही, हे मला वकीलबाईंनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६चा. त्यात निर्वाहाच्या व्याख्येतच शिक्षण येतं आणि अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर तिचा हक्क अठराव्या वर्षी संपत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आला. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची, हे त्यानं बंधनकारक केलं. मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी उचलावा, आई पुरेसं कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घेता येईल, असंही त्यात आहे. 'माझ्याकडे काही नाही' हे तोंडी म्हणणं सोपं असतं, प्रतिज्ञापत्रावर लिहून सही करणं तितकं सोपं नसतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आईवडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवणं हा मुलीचा हक्क आहे आणि त्याची कायद्यानं अंमलबजावणी होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं.

मुलाच्या बाबतीत कायद्याचे शब्द आखडते आहेत, अठरा वर्षांपाशी थांबतात. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये मुलगा सज्ञान झाला म्हणून सगळा भार आईवर टाकता येत नाही अशी भूमिका घेतली. पण मुलाची आई असाल तर तो सतरा वर्षांचा असतानाच वकिलाकडे जा. एक वर्ष आधी गेल्यानं पुष्कळ फरक पडतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता कॉलेजांकडे येते. त्या मे महिन्यात आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि मी तिला माझी पगाराची स्लिप दाखवली. पहिल्यांदाच. घरभाडं, आजीची औषधं, एलआयसीचा हप्ता, उरलेलं. मुलांना आकडा दाखवला की ती खचतात, असं मला वाटायचं. माझी लेक खचली नाही. तिनं पेन घेतलं आणि त्या खासगी विद्यापीठाच्या नावावर स्वतःच रेघ मारली. ती रेघ मारताना मला काय झालं ते लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

त्या रेघेमुळे किती वाचलं, हे नंतर कळलं. ८ जुलै २०२४ला शासन निर्णय निघाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आमचं घर इतर मागासवर्गातलं. पण ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच आहे. मॅनेजमेंट कोट्यात गेलात तर नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांत गेलात तरी नाही. एकट्या पालकानं ही गोष्ट दाराला चिकटवून ठेवावी. गुळगुळीत माहितीपत्रकं नेमकी त्या दारांची असतात जिथे आपल्या सवलती पोचत नाहीत.

मुलगा असेल आणि खुल्या प्रवर्गातला असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते, तिथेही कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. इंजिनिअरिंगमध्ये टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शुल्कमाफीच्या जागा असतात, मंजूर जागांच्या वर पाच टक्के, शिक्षण शुल्क पूर्ण माफ. त्या मुलांनाही आहेत आणि मुलींनाही. ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी हे अक्षर. कोड न भरल्यामुळे गुण असूनही जागा हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. तंत्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला पन्नास हजार. आयआयटीत जाण्याइतकं मूल हुशार असेल तर घाबरू नका. कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क लागत नाही, पाच लाखांच्या आत असेल तर एक तृतीयांशच लागतं. आणि सगळ्यांनी इंजिनिअरच व्हावं असं थोडंच आहे? अनुदानित कॉलेजातली बीएस्सी आजही बऱ्याच शाळांच्या फीपेक्षा स्वस्त पडते.

माझ्या लेकीला कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मिळालं. शिक्षण शुल्क माफ झालं. बाकीची शुल्कं, वसतिगृह, मेस, एसटीचं भाडं, ड्रॉइंगचं सामान राहिलं, आणि ते थोडं नव्हतं. फी माफ म्हणजे शिक्षण फुकट, असं धरून चालू नका. वर्षाचा हिशेब करताना मेस आधी लिहा.

कराडला पहिल्यांदा सामान घेऊन गेले तेव्हा एसटीत मला भाऊराव पाटील आठवत होते. कराड तालुक्यातल्याच काले गावात १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. शाळेत असताना हा धडा मी पाठ केला होता. माझं मंगळसूत्र घटस्फोटानंतर अकरा वर्षं कपाटात एका डबीत पडून होतं. ना घालायचं, ना टाकायचं. वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या सहामाहीची मेस त्यातून भरली. सोनाराच्या दुकानात मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

भाऊरावांच्या कमवा आणि शिकाची वाट अजून चालू आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि बऱ्याच कॉलेजांत ही योजना त्यांच्याच नावानं आहे, ग्रंथालयात किंवा कार्यालयात रोज थोडे तास काम आणि त्याचं मानधन. पुण्याला मूल पाठवणार असाल तर विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं पाहा, १९५५ पासून ती गावाकडच्या गरजू मुलांसाठी चालतात. कर्जाबद्दल थोडक्यात: चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि सहकर्जदार म्हणून आईची सही चालते. बँकेत कुणी 'वडिलांना घेऊन या' म्हणालं, तर शांतपणे शाखाधिकाऱ्यांना भेटायचं.

आता कागद. यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका खिडकीवर मला सांगितलं गेलं, वडिलांचं उत्पन्न जोडा. मी म्हटलं, ते आमच्या कुटुंबात नाहीत. खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले, पण हयात आहेत ना? मागे वीस माणसं उभी होती आणि मला माझा घटस्फोट सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावा लागला. न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत, मुलीचा ताबा माझ्याकडे असल्याचं लिहिलेलं पान, माझं स्वतंत्र रेशनकार्ड आणि पगाराचा दाखला, एवढं घेऊन तिसऱ्यांदा गेले तेव्हा काम झालं. तुम्ही हे पहिल्याच खेपेला घेऊन जा. साधी झेरॉक्स नव्हे, कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत, आणि चांगल्या तीन-चार काढून ठेवा.

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हे याहून अवघड, कारण पुरावे बहुधा वडिलांच्या घराण्याचे मागतात. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा, पणजोबांची एखादी जुनी नोंद. मूल दहावीत असतानाच या कामाला लागा. मी त्यांच्याकडे मागितले नाहीत. लेकीच्या आत्याला फोन केला. बारा वर्षांत आमचं जेमतेम दोनदा बोलणं झालं होतं. तिनं एवढंच विचारलं, "कोणत्या तारखेपर्यंत हवेत, वहिनी?" आठ दिवसांत तिच्या मुलानं सगळे कागद आणून दिले, आत्याच्या स्वतःच्या वैधता प्रमाणपत्रासकट. नवऱ्याशी संबंध संपले म्हणून मुलीचं वडिलांकडचं गणगोत संपतं, असं मानून मी इतकी वर्षं त्या दाराकडे फिरकले नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना मला लाज वाटते. त्या मे महिन्यात मी लेकीला म्हटलं होतं, "तूच एकदा विचारून बघ ना बाबांना. तुला नाही म्हणणार नाहीत." ती गच्चीवर गेली, दहा मिनिटांनी खाली आली आणि न जेवता झोपली. काय बोलणं झालं ते तिनं आजपर्यंत सांगितलेलं नाही. नवऱ्याला जे विचारायला मी कचरत होते ते मी तिच्या तोंडी दिलं. पैसे मागायचे असतील तर तुम्ही मागा, लेखी मागा, नाहीतर वकिलामार्फत मागा. मुलाला बापाशी बोलायचं असेल तेव्हा ते परीक्षेबद्दल, क्रिकेटबद्दल, कशाहीबद्दल बोलू दे. फीचा विषय त्याच्या हाती देऊन पाठवू नका.

आणि ज्यांनी हात वर केलेत, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर: पूर्ण फी जमत नसेल, मान्य. कुणाचा धंदा बुडालेला असतो, कुणाचा दुसरा संसार असतो. मेसचं महिन्याचं बिल भरा. नाहीतर वर्षाची पुस्तकं. रक्कम छोटी असली तरी ती ठरल्या तारखेला येऊ दे. आमच्याशी बोलायची गरज नाही, मुलाच्या खात्यात परस्पर टाका.

आमचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात आहे, तारखा पडताहेत. लेक दुसऱ्या वर्षाला गेली. यंदा शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज तिनं वसतिगृहातच, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर भरला. मधे एकदा फोन आला. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा बारकोड क्रमांक हवा होता. मी वाचून दाखवला, तिनं उलट वाचून खात्री केली आणि म्हणाली, "झालं, ठेवते." वडिलांच्या रकान्यापाशी ती थांबली का, हे मी विचारलं नाही.