जिओकॅशिंग : डबा लपविण्याचा व शोधण्याचा खेळ

लपंडाव आणि डबा ऐसपैस हे खेळ ज्यानें बालपणीं खेळले नाहींत असा मनुष्य आपल्याकडे क्वचितच सांपडेल. डबा ऐसपैसमध्यें डबा उघड्यावर असतो व गडी लपतात. ज्या खेळाची माहिती या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे, त्यांत प्रकार उलट आहे. येथें डबाच लपतो. तो लपविणारा आपल्या घरीं, कदाचित् शेंकडों मैल दूर, स्वस्थ बसलेला असतो. आणि ज्याला त्यानें कधीं पाहिलेंही नाहीं असा कोणी अनोळखी मनुष्य तो डबा हुडकीत रानोमाळ हिंडतो. या खेळास जिओकॅशिंग असें नांव आहे. 'जिओ' म्हणजे पृथ्वी हें भूगोलाच्या विद्यार्थ्यांस सांगणें नको. 'कॅश' हा शब्द मात्र रोख रकमेचा नव्हे. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला असून, प्रवासी लोक वाटेवर शिधासामग्री दडवून ठेवीत त्या ठेव्यास तो लावीत असत. (हा खुलासा करण्याचें कारण असें कीं, वर्गांत हा विषय काढतांच आम्हांस पहिला प्रश्न 'आंत किती पैसे असतात?' हाच आला.)

आंत पैसे नसतात. पाणी शिरणार नाहीं असा एखादा डबा, त्यांत एक लहानशी वही, एक पेन्सिल, आणि डबा मोठा असल्यास गोट्या, बिल्ले, तिकिटें अशा चार किरकोळ वस्तु, एवढाच हा खजिना. ज्यास डबा सांपडेल त्यानें वहींत आपलें नांव व तारीख लिहावी, एखादी वस्तु घेतल्यास तितक्याच किमतीची दुसरी ठेवावी, आणि डबा होता तसा, होता तेथेंच परत दडवावा. डब्याचे अक्षांश व रेखांश तेवढे लपविणारा इंटरनेटवर जाहीर करतो. बाकी पहारेकरी नाहीं, कुलूप नाहीं, पंच नाहीं.

अशा तऱ्हेची करमणूक अगदींच नवी नव्हे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचें मोठें ओसाड माळरान आहे. तेथील जेम्स पेरट नांवाच्या एका वाटाड्यानें १८५४ सालीं क्रॅन्मिअर पूल या दलदलीच्या, दुर्गम जागीं एक बाटली ठेविली. एवढी पायपीट करून जे येतील त्यांनीं आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें, ही कल्पना. पुढें त्या माळावर अशा अनेक पेट्या झाल्या, व तो छंद तेथें अद्यापि चालू आहे. परंतु डार्टमूरची पेटी शोधावयाची म्हणजे होकायंत्र व नकाशा हातांत घेऊन, खडक आणि टेंकड्या यांच्या खुणांवरून अंदाज बांधावा लागे. नुसत्या आंकड्यांवरून परक्या मुलखांतील एका दगडापाशीं जाऊन उभें राहावें, ही सोय सामान्य माणसास २००० सालापर्यंत नव्हती.

ती कशी झाली हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या सैन्यानें पृथ्वीभोंवतीं सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर कांहीं उपग्रह सोडलेले आहेत. काम नीट चालण्यास ते निदान २४ तरी लागतात. प्रत्येक उपग्रहावर अत्यंत अचूक घड्याळ असतें, आणि 'मी अमुक ठिकाणीं आहें, आतां अमुक वेळ झाली आहे' असा संदेश तो बिनतारी लहरींनीं सतत पाठवीत असतो. हा संदेश सर्वांत जवळच्या वाटेनें आपल्या हातांतील यंत्राकडे येण्यास एका सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला हें कळलें म्हणजे उपग्रह किती दूर आहे हें कळतें. आणि निदान चार उपग्रहांचीं अंतरें कळलीं म्हणजे आपण कोठें उभे आहोंत तें गणितानें निघतें. येथें काळाची चूक म्हणजेच अंतराची चूक. एका सेकंदाच्या दहालक्षांश भागाचा घोटाळा झाला तर जमिनीवर ३०० मीटरांचा फरक पडतो.

शत्रूस उपयोग होऊं नये म्हणून सामान्य जनतेसाठीं असलेल्या या संदेशांत अमेरिका सरकार पूर्वीं मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळें यंत्र दाखवील त्या जागेपासून आपण शंभर मीटरपर्यंत दूर असण्याचा संभव राही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमानें मे २००० च्या आरंभीं ही मिसळ बंद झाली, व एका रात्रींत जगांतील सर्व यंत्रें कितीतरी अधिक खरें बोलूं लागलीं. लगेच ३ मे रोजीं ऑरेगॉन संस्थानांत डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें बीव्हरक्रीक गांवाजवळ एक बादली दडविली. तींत त्यानें पुस्तकें, चित्रफिती, एक गलोल, घेवड्याचा एक बंद डबा अशा वस्तु ठेवल्या, आणि जागेचे आंकडे इंटरनेटवर प्रसिद्ध केले. तीन दिवसांच्या आंत दोघे जण तेथें जाऊन पोंचले. त्यांतील पहिला माईक टीग. ती बादली आतां तेथें नाहीं. स्मरणार्थ एक फलक मात्र आहे. आज जगांत असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत, व अंटार्क्टिका खंडही त्यांतून सुटलेलें नाहीं.

आतां उल्मरच्या बादलीचेच आंकडे उदाहरणादाखल घेऊं, कारण या खेळांतील पहिली अडचण पायांची नसून वाचनाची आहे. ते आंकडे असे : उत्तर ४५ अंश १७.४६० कला, पश्चिम १२२ अंश २४.८०० कला. अंशाचे साठ भाग म्हणजे कला, व कलेचे साठ भाग म्हणजे विकला, हें आपण शिकलों आहोंत. येथें विकला नाहींत. कलेचाच दशांश अपूर्णांक दिला आहे. १७.४६० कला म्हणजे १७ कला व २७.६ विकला. पुष्कळ नवशिके घाईनें १७ कला ४६ विकला असें वाचतात. अक्षांशाची एक कला जमिनीवर सुमारें १,८५२ मीटर भरते, म्हणजे एक विकला सुमारें ३१ मीटर. या एका चुकीनें मनुष्य सुमारें ५७० मीटर उत्तरेस जाऊन दुसऱ्याच्या शेतांत डबा शोधूं लागेल! रेखांशाची गोष्ट आणखी निराळी. रेखावृत्तें ध्रुवाकडे जवळजवळ येत असल्यामुळें कलेचा हजारावा भाग विषुववृत्तावर १.८५ मीटर, मुंबईस सुमारें १.७५ मीटर, तर उल्मरच्या बादलीपाशीं अवघा १.३ मीटर होतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें कोज्येच्या कोष्टकावरून स्वतः पडताळून पाहावें.

आंकडे बरोबर वाचून आपण जागेवर पोंचलों असें समजा. यंत्र म्हणतें, 'आलें ठिकाण.' परंतु डबा कोठें आहे? खरी कसोटी येथेंच सुरू होते. मोकळ्या मैदानावरही यंत्राची चूक चार-पांच मीटर असूं शकते. दाट झाडी, उंच इमारती किंवा दरी असेल तर लहरी अडतात, आपटून येतात, आणि चूक वाढते. शिवाय लपविणाऱ्याचें यंत्रही चुकलेलें असतें तें निराळेंच. पांच मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ ७८ चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या वर्गाच्या खोलीहून मोठें. तेवढ्या जागेंत फोटोच्या फिल्मची एक डबी, किंवा कधीं कधीं बोटाच्या पेराएवढी लोहचुंबकाची नळी, शोधावयाची असते. जुने खेळाडू अशा वेळीं यंत्र सरळ खिशांत घालतात. आपण स्वतः येथें डबा लपविला असता तर तो कोठें ठेविला असता, असा विचार ते करतात. आणि एकावर एक फार नीटनेटके रचलेले दगड, झाडाच्या ढोलीच्या तोंडाशीं अडकविलेली साल, अशा खुणा धुंडाळतात. निसर्ग सहसा इतका टापटिपीचा नसतो.

शोध किती अवघड आहे व वाट किती बिकट आहे, यांसाठीं एकापासून पांचपर्यंत निरनिराळे अंक दिलेले असतात. वाटेचा अंक एक असेल तर चाकांच्या खुर्चींतून जाणाऱ्यासही तेथवर पोंचतां यावें अशी अपेक्षा असते. ही योजना आम्हांस फार आवडली.

बाकीच्या अडचणी रोजच्याच आहेत. पाऊस ही मुख्य. झांकण नीट न लावणारा एकच आळशी मनुष्य शंभर जणांच्या सह्यांचा लगदा करतो. येणारेजाणारे लोक ही दुसरी अडचण. त्यांच्या देखत डबा काढला तर त्याची जागा फुटते, म्हणून खेळाडू बुटाची नाडी बांधण्याचें किंवा पक्षी पाहण्याचें सोंग करीत ताटकळत बसतात. अशा बाहेरच्या लोकांस ते हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतील 'मगल' हा शब्द लावतात. परंतु चोरासारखें वागणाऱ्यास लोक चोरच समजणार! २०११ सालीं इंग्लंडांत वेदरबी या गांवीं एका उपाहारगृहाबाहेर ठेवलेली अशीच एक डबी पाहून लोक घाबरले, व शेवटीं सैन्याच्या तज्ज्ञांस बोलावून ती स्फोटानें उडवावी लागली. यासाठीं डब्यावर खेळाचें नांव स्पष्ट लिहावें, आंतील दिसेल असा पारदर्शक डबा घ्यावा, आणि जागेच्या मालकाची परवानगी आधीं काढावी, असे नियम आहेत. डबा पुरण्यासाठीं जमीन खणूं नये, वासानें जनावरें येतात म्हणून आंत खाद्यपदार्थ ठेवूं नयेत, व दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर असावें, हेही नियम आहेत. उल्मरचा घेवडा आज चालला नसता.

परवानगीच्या नियमाचें महत्त्व आम्हांस मात्र पुस्तकांतून कळलें नाहीं.

गेल्या जून महिन्यांत आठवीच्या मुलांसाठीं आम्हीं मैदानाच्या कडेच्या चिंचेच्या मुळांत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेविला, आणि त्याचे आंकडे फळ्यावर लिहून दिले. कोणास कांहीं सांगावयाचें नाहीं, अशी मुलांस सक्त ताकीद होती. दोन आठवडे खेळ छान रंगला. तिसऱ्या शनिवारीं डबा नाहींसा! शेवटीं तो कोणीं पाहिला याची चौकशी झाली, तेव्हां एका मुलाचें नांव पुढें आलें. डब्यांतील पेन्सिलीला टोंक करण्याचें छोटें यंत्र त्याच्याजवळ होतें. त्याच्या बदल्यांत आपण एक परदेशी तिकीट ठेविलें व वहींत तशी नोंद केली, असें तो सांगे. पण वहीही डब्याबरोबर गेलेली. मुलें त्याच्याशीं बोलेनाशीं झालीं. मधल्या सुटींत तो एकटाच व्हरांड्यांत बसूं लागला. आम्हीं त्यास उघड दोष दिला नाहीं; परंतु मनांत संशय घेतला, व त्याची बाजूही घेतली नाहीं, हें येथें लिहिणें आम्हांस भाग आहे.

आठ दिवसांनीं आमचे माळीमामा तोच डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं उभे राहिले. "सर, ह्यो डबा कुना पोराचा ऱ्हायलाय. मुळांत पानी साचलं व्हतं, भिजंल म्हनून उचलून ठिवला. पोरांना इचारलं, तर कोनी तोंड उघडंना." तोंड कसें उघडणार? गप्प बसण्याची ताकीद आम्हींच दिली होती, आणि ज्यांच्या देखरेखीखालीं तें मैदान आहे त्यांस एका शब्दानें कळविण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें.

डब्यांत पाणी शिरलें होतेंच. शाईनें केलेल्या सह्यांचे निळे डाग झाले होते. त्या मुलानें मात्र नियमाप्रमाणें पेन्सिलीनें लिहिलें होतें, व ती ओळ स्वच्छ वाचतां येत होती : तारीख, नांव, 'यंत्र घेतलें, तिकीट ठेविलें.' तिकीटही पानास चिकटलेलें सांपडलें. ती वही आम्हीं वर्गांत सर्वांस दाखविली, आणि त्याची क्षमा प्रथम आम्हीं मागितली. मुलांनीं त्याच्याशीं बोलणें त्याच दिवशीं सुरू केलें. तो पूर्ववत् बोलूं लागण्यास मात्र दिवाळीची सुटी उजाडावी लागली.

नवा डबा पारदर्शक असून त्याच्या झांकणास रबराची कडी आहे. जागा माळीमामांनींच सुचविली आहे, आणि वहींतील पहिली सही त्यांची आहे. या डब्याचे पूर्ण आंकडे येथें छापण्याचें आम्हीं टाळलें आहे. कांहीं डब्यांचे आंकडे कोडें सोडविल्यावांचून मिळत नाहींत, तसाच हाही ठेविला आहे. अंश व पूर्ण कला आठवीच्या फळ्यावर मिळतील; कलेचे शेवटचे तीन आंकडे ज्या गणितांतून निघतात तें त्याच मुलानें तयार केलें असून, तें त्याच्याकडून मागून घ्यावें. पालकांपैकीं कोणास शोध करावयाचा असल्यास शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें, व येतांना पेन्सिल आणावी.