रोज चिमूटभर लागतं, तेच लाव

अगं, गच्ची मिळाली म्हणून लगेच टोमॅटो, वांगी, कोबी असा सगळा बेत आखू नकोस. सटाण्यात राहून टोमॅटोची कुंडी कशाला? आठवडे बाजारात तो ताजा आणि बहुतेक वेळा स्वस्त मिळतोच. गच्चीवर ते लाव, जे रोज चिमूटभर लागतं आणि जुडीनं आणलं की अर्धं फ्रीजमध्ये सडतं. कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, चार मिरच्या, गवती चहा. तान्हं बाळ सांभाळून तुला एवढंच झेपेल, आणि तेवढं पुरे आहे.

सुरुवात पातीनं कर. आपल्या कसमादे पट्ट्यात कांदाचाळीतला उन्हाळ कांदा पावसाळा सरता सरता मोड काढायला लागतो. तसले कांदे बाजारात कुणी घेत नाही. सासूबाईंना सांगून ओंजळभर ठेवून घे. मोड वर राहील असे बोट-दोन बोटं अंतरानं मातीत दाब. दोन-तीन आठवड्यांत वीतभर पात येते. कापली की पुन्हा फुटते. भरितात घरची पात पडली की बाळाच्या बाबांनाही गच्चीवर पाणी घालायची आठवण राहील, बघ!

कुंड्यांवर पैसे घालू नकोस. डाळिंब-द्राक्षाच्या भागात जुने प्लास्टिकचे क्रेट सहज मिळतात. आतून शेडनेटचा तुकडा लाव, म्हणजे माती गळत नाही आणि पाणी निथळतं. पत्र्याचा डबा घेतलास तर तळाला भोकं पाड. क्रेट विटांवर ठेव, खाली ओल साठायला नको. भरलेला ओला क्रेट चांगलाच जड होतो, म्हणून सगळे गच्चीच्या मधोमध मांडू नकोस, भिंतींच्या कडेनं ठेव. घर भाड्याचं आहे, तेव्हा मालकांना आधी विचार.

मातीचं मात्र नीट ऐक. आपली काळी माती नुसती भरलीस तर ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. एक वाटा माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट किंवा चुरलेला वाळका पाला, असं मिसळ. ताजं शेण अजिबात नको; ते तापतं, मुळं जळतात, शिवाय त्यातून हुमणी येते. भाजीची देठं, सालं वेगळ्या डब्यात पाल्यासोबत थर देऊन कुजव. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच भाज्या आणि फळझाडं वाढवली. तुझ्या दोन माणसांच्या घरातला कचरा चार क्रेटना सहज पुरवठ्याला येईल.

आता खरी गोष्ट, ऊन आणि पाणी. पुस्तकांत लिहितात, झाडाला सहा तास ऊन हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि स्लॅबही तापतो. तेव्हा दुपारचं ऊन अडवायलाच हवं. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांध, मातीवर पाल्याचा जाड थर घाल. पाणी सकाळी लवकर दे, तेही बोट खुपसून बघून; दोन पेरं खाली ओल असेल तर नको. नळाला पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत धर. साबणाचं आणि मीठ घातलेलं पाणी वेगळं ठेव. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी क्षारांचं असतं, ते झाडांना नको, फरशी पुसायला वापर. शेतातल्या ठिबकचा जुना नळीचा तुकडा मिळाला तर घेऊन ये, माठाखाली किंवा टाकीला जोडता येईल.

कोथिंबिरीसाठी घरातलेच धणे घे. तळव्याखाली हलके रगडले की एका दाण्याच्या दोन फाकी होतात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर उकरून बघू नकोस. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेर. उन्हाळ्यात ती लगेच फुलावर येते, म्हणून हिवाळ्यातच हात मोकळा सोड. पुदिन्याच्या जुडीतल्या चार काड्या पाण्यात ठेव, मुळं फुटली की वेगळ्या डब्यात लाव, नाहीतर तो शेजाऱ्यांची जागा घेतो. मिरचीची पानं आकसली की आम्ही बोकड्या म्हणतो. त्यात फुलकिडे नाहीतर पांढरी माशी असते. निंबोळी पावडर पन्नास ग्रॅम लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवार. आठवड्यानं पुन्हा. एखादं झाड फारच आकसलं तर उपटून टाक, बाकीची वाचतील.

माहेरी येण्याआधी क्रेट सावलीत ओढून ठेव आणि शेजारच्या काकूंना पाणी घालायला सांग. हवी तेवढी कोथिंबीर खुडून घ्या, असंही त्यांना आधीच सांग. येताना एक रिकामी पिशवी आण. माझ्याकडचा गवती चहाचा ठोंब फुटून मोठा झालाय, त्यातला निम्मा तुझाच आहे.