भावना व मनावरील ताण दर्शविणारे इंग्रजी शब्द कसे शिकवावेत?

इंग्रजीच्या प्रारंभिक पाठांत ‘बुक’, ‘काउ’, ‘ट्री’ असे शब्द वस्तू अगर चित्र दाखवून सहज शिकविता येतात. भीती, चिंता, लाज यांच्याकडे मात्र बोट दाखविता येत नाही. यास्तव हे शब्द फळ्यावर अर्थासह लिहून पाठ करवून घेण्याकडे शिक्षकांचा कल असतो. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इ. स. २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. या परक्या भाषेच्या तासाला गप्प बसणाऱ्या मुलाला पुष्कळदा उत्तर येत असते, परंतु चुकण्याचे भय त्याची जीभ धरून ठेवते. ते भय सांगण्याचे शब्द त्याला त्याच तासात मिळावेत, हा या पाठाचा हेतू होय.

१. वाक्यरचनेतील भेद

मराठीत भावना माणसाकडे ‘येते’ अगर त्याला ‘वाटते’. मला राग आला, मला भीती वाटते, मला लाज वाटली, असे आपण म्हणतो. इंग्रजीत तोच अर्थ बहुधा कर्ता व विशेषण यांनी व्यक्त होतो : ‘आय ॲम अँग्री’, ‘आय ॲम अफ्रेड’, ‘आय ॲम अशेम्ड’. हा भेद प्रथम तोंडी वाक्यांनी पक्का करावा. तो न कळल्यास मुले ‘आय ॲम टेन्शन’ असे म्हणतात. येथे ‘आय ॲम टेन्स’ अगर ‘आय ॲम वरीड’ हे योग्य.

२. विशेषणापुढील शब्दयोगी

‘गुरुजी माझ्यावर रागावले’ यातील ‘वर’ पाहून मूल ‘अँग्री ऑन मी’ असे लिहिते; ‘अँग्री विथ मी’ असे हवे. त्याचप्रमाणे ‘अफ्रेड ऑफ’, ‘अशेम्ड ऑफ’, ‘प्राउड ऑफ’, ‘वरीड अबाउट’ ही रूपे जोडीनेच शिकवावीत. सुटे विशेषण आधी व शब्दयोगी मागाहून, असा क्रम ठेवू नये.

३. ‘इंग’ व ‘एड’

जे कारण होते त्याला ‘इंग’ व ज्याला अनुभव येतो त्याला ‘एड’, असा सामान्य नियम सांगावा. ‘द वर्क इज टायरिंग, आय ॲम टायर्ड.’ कंटाळलेला मुलगा ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणाला, तर आपणच इतरांना कंटाळा आणतो असे तो सांगून बसतो! येथे ‘बोअर्ड’ हवे.

४. शिक्षकांच्या माहितीसाठी

‘वरी’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ गळा आवळणे असा होता. ‘अँक्शस’ हा शब्दही आवळणे, घुसमटविणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला असून संस्कृतातील ‘अंहस्’ हा त्याच कुळातला आहे. आपणही ‘कंठ दाटला’, ‘जीव गुदमरला’ असेच म्हणतो. ‘स्ट्रेस’ या शब्दाच्या मुळाशी घट्ट आवळलेले असा अर्थ आहे. यंत्रशास्त्रात तो पदार्थावर पडणाऱ्या भाराविषयी वापरतात. निरनिराळ्या अपायकारक कारणांनी शरीरात एकाच प्रकारची प्रतिक्रिया उमटते, असे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. पुढे त्याच्याच लेखनाने, विशेषतः १९५६ च्या ‘द स्ट्रेस ऑफ लाइफ’ या ग्रंथाने, ‘स्ट्रेस’ हा शब्द सर्वतोमुखी झाला.

५. पाठाचा क्रम

एका पाठात चारच शब्द घ्यावेत : ‘हॅपी’, ‘सॅड’, ‘अफ्रेड’, ‘वरीड’. शिक्षकाने मुद्रा करून दाखवावी व मुलांनी शब्द सांगावा. नंतर परिचयातील प्रसंग द्यावेत : ‘द वेल इज ड्राय. माय फादर इज वरीड.’ ‘अवर काउ हॅज अ काफ. आय ॲम हॅपी.’ पुढे ‘व्हाय?’ असे विचारून ‘बिकॉज’ने उत्तर घ्यावे. वरच्या वर्गांत तीव्रतेची पायरी शिकवावी : ‘अनॉइड’, ‘अँग्री’, ‘फ्यूरिअस’. ‘टेन्स’, ‘नर्व्हस’ व ‘स्ट्रेस्ड’ हे शब्द परीक्षेच्या प्रसंगावरून द्यावेत.

६. घ्यावयाची दक्षता

‘तू केव्हा रडलास?’ असा प्रश्न कोणत्याही मुलाला वर्गासमोर विचारू नये. प्रथम गोष्टीतील पात्रांविषयी बोलावे. स्वतःविषयी बोलावयाचे की नाही हे मुलावर सोडावे. लहान मूल चिंता शब्दांत सांगण्याऐवजी पोट दुखते, डोके दुखते असे सांगते, हेही ध्यानी असावे. दुखणे खरे असू शकते, म्हणून त्याची उपेक्षा करू नये. एखाद्या मुलाने ‘आय ॲम अफ्रेड ऑफ होम’ असे वहीत लिहिले, तर ते वाक्य व्याकरणासाठी तपासावयाचे नसते. त्या मुलाशी एकांतात, मराठीतच, शांतपणे बोलावे, मुख्याध्यापकांना कळवावे, आवश्यक वाटल्यास बालकांसाठी असलेल्या १०९८ या मदत क्रमांकाचे साहाय्य घ्यावे.

स्वाध्याय : पुढील वाक्ये मुलांकडून इंग्रजीत करवून घ्यावीत. (१) मला परीक्षेची चिंता वाटते. (२) आई माझ्यावर रागावली आहे. (३) तो विंचवाला भितो. (४) आम्हांला आमच्या शाळेचा अभिमान वाटतो. (५) मला हे समजले नाही.

पाचव्या वाक्यात भावनेचा शब्द नाही, तरीही ते प्रत्येक मुलाला प्रथम यावे. ते निर्भयपणे उच्चारता आले की तासाचे निम्मे भय ओसरते.