अर्ध्या आवाजातील समुपदेशन

ऑनलाइन समुपदेशन, म्हणजे फोन, व्हिडिओ कॉल किंवा लेखी संदेश यांच्या आधारे प्रशिक्षित व्यक्तीशी ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी होणारा मनाविषयीचा संवाद, मोठसारख्या गावात किती मोलाचा ठरतो हे नकाशाकडे पाहूनच ध्यानात येते. झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या वाटेवर सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या या तहसिलीच्या गावातून मानसोपचार विभाग गाठायचा, तर झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागते, आणि जाण्यायेण्यात दिवस मोडतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात उपचारांची तूट, म्हणजे उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण, निरनिराळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के आढळले होते. ही तूट भरून काढण्यात फोनवरील उपचारांचा वाटा मोठा असू शकतो, याविषयी प्रस्तुत लेखिकेच्या मनात शंका नाही. तथापि घरबसल्या मिळणाऱ्या या मदतीचा पहिला प्रयत्न लेखिकेच्या बाबतीत जवळजवळ वाया गेला, आणि तो का वाया गेला हे सांगितल्याने दुसऱ्या कोणाचे काही महिने वाचावेत, एवढ्यासाठीच हे लेखन आहे.

पतीच्या बदलीमुळे महाराष्ट्रातून मोठला येणे, त्यापायी शिक्षिकेची नोकरी सुटणे आणि त्याच वर्षी आईचा मृत्यू होणे, असे तीन बदल लेखिकेच्या आयुष्यात पाठोपाठ आले. होम्स व राहे या अमेरिकन संशोधकांनी 1967 मध्ये आयुष्यातील 43 घटनांची जी क्रमवारी मांडली, तीत जवळच्या नातलगाच्या मृत्यूला 63 तर घर बदलण्याला 20 गुण दिलेले आहेत. ही गणती ढोबळ असली तरी लहानमोठे ताण एकमेकांत मिसळून साठत जातात, हा तिचा गाभा विसरण्याजोगा नाही. अशा घटनेनंतर साधारण महिन्याभरात सुरू होणारी आणि कामधाम अवघड करून टाकणारी अस्वस्थता समायोजन विकार या नावाने ओळखली जाते, आणि ताणाचे कारण टिकून राहिले नाही तर ती बहुधा सहा महिन्यांत ओसरते. ओसरली नाही, तर दुसरे काही आहे का, हे तपासावे लागते. लेखिकेने मात्र आपल्याला केवळ बोलायला कोणी हवे आहे असे स्वतःच ठरवून टाकले आणि एका ॲपवर बारा सत्रांचे पैसे आगाऊ भरले.

येथे संज्ञांचा घोळ आधी निस्तरला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असून औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो; चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही, पण निदान व मानसोपचार यांचे प्रशिक्षण घेतलेला असतो आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्याची नोंदणी पडताळून पाहता येते; समुपदेशक हा शब्द मात्र व्यवहारात इतका सैल झाला आहे की मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणापासून काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रापर्यंत काहीही त्याच्या पोटात मावते. लेखिकेला लाभलेली व्यक्ती मनाने चांगली होती, परंतु तिचे शिक्षण काय, नोंदणी कोठे आणि अडचणीत तिला मार्गदर्शन करणारे वरिष्ठ कोण, हे तीन प्रश्न विचारणे लेखिकेला उद्धटपणाचे वाटले, आणि हा संकोच महागात पडला. हे प्रश्न विचारले गेल्याने कोणताही जाणकार उपचारक दुखावत नाही.

याहून खोल अडचण घरातच होती. लेखिकेची खोली पडद्याने विभागलेली, पलीकडे सासूबाईंचा बिछाना आणि भिंतीला लागून शेजाऱ्यांचे अंगण, अशा ठिकाणी कानाला लावलेला हेडफोन समोरच्याचे बोलणे झाकतो, आपले झाकत नाही. त्यामुळे आवाज खाली येतो, आणि आवाजाबरोबर सत्यही खाली येते. झोप कशी आहे, या प्रश्नाला ‘ठीक’ असे उत्तर दिले जाते. घरातील माणसांविषयी तर अवाक्षरही काढता येत नाही, आणि ज्या रात्री जगणे नकोसे झाले त्या रात्रीचा उल्लेख सहा सत्रांत एकदाही होत नाही. समोरच्या व्यक्तीला दिसतो तो चेहऱ्याचा छोटा चौकोन, त्यामुळे मांडीवर घट्ट आवळलेल्या मुठी तिच्या दृष्टीस पडत नाहीत. म्हणून उपचारक शोधण्याआधी जागा शोधावी, असे लेखिकेचे आता ठाम मत आहे: दुपारची रिकामी गच्ची, मैत्रिणीकडील तासाभराची खोली किंवा चालता चालता केलेला साधा फोनही पडद्याआडच्या व्हिडिओ कॉलपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

दुसरी अर्धवटता भाषेची होती. झाशी शहरात तेथील नेवाळकर राजघराण्याच्या काळापासूनची मराठी कुटुंबे आहेत, परंतु मोठमध्ये लेखिकेला मराठी बोलायला घराबाहेर कोणी नव्हते, आणि सत्रेही हिंदीतच होत. हिंदी चांगली येत असूनही आतले सांगताना हुरहूर, घालमेल आणि तगमग या तीन निरनिराळ्या अवस्थांसाठी तोंडात ‘टेन्शन’ हा एकच शब्द येत राहिला. हुरहूर हरवलेल्या माणसाकडे वळलेली असते, घालमेल निर्णयापाशी अडलेली असते आणि तगमग अंगात भिनलेली असते. या तिघींवरचा इलाज एक कसा असेल? ‘टेन्शन’ ऐकणाऱ्या समुपदेशिकेने दीर्घ श्वसन शिकवले, आणि आईविषयीचा शोक तसाच राहिला. दूरचा उपचारक निवडायचाच आहे, तर तो आपल्या भाषेचा निवडता येतो, आणि ऑनलाइन पद्धतीचा हा सर्वांत मोठा लाभ लेखिकेने वापरलाच नव्हता.

गोपनीयतेविषयी थोडक्यात सांगायचे, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 याचे कलम 23 मानसिक आजाराच्या उपचारांतील माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देते, आणि जिवाला धोका असणे यासारखे काही अपवादही सांगते. परंतु उपचारकाचे मौन आणि ॲप चालवणाऱ्या कंपनीचे वर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये बेटरहेल्प या कंपनीला ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याबद्दल 78 लाख डॉलर देण्यास भाग पाडले. म्हणून पैसे भरण्यापूर्वी माहिती कोणाला दिली जाते आणि उरलेल्या सत्रांचे पैसे परत मिळतात का, हे वाचावे.

सर्वांत गंभीर चूक संकटाची तजवीज न करण्याची होती. एका रात्री लेखिकेने ॲपवर लिहिलेल्या संदेशाला उत्तर आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि यात समुपदेशिकेचा दोष नव्हता, कारण ठरावीक वेळेच्या सत्राने रात्रीच्या राखणीचे काम करणे अपेक्षितच नसते. त्यासाठी 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर विनाशुल्क व दिवसरात्र उपलब्ध आहे. त्याच आठवड्यात लेखिकेने तेथे फोन केला, त्यांच्या सल्ल्यावरून झाशीला जाऊन मानसोपचारतज्ज्ञाची भेट घेतली, आणि औषधे सुरू झाल्यानंतर मराठी बोलणाऱ्या एका नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञांकडे फोनवरील सत्रे नव्याने आरंभली. त्यांनी नाव विचारल्यानंतर लगेच विचारले की आपण या क्षणी नेमक्या कोठे बसला आहात, जवळपास कोणी ऐकत आहे का, आणि फोन मध्येच तुटला व पुन्हा लागला नाही तर मोठमधील कोणाला कळवायचे. लेखिका तेव्हा गच्चीवर होती, आणि तिने पतीचे नाव व क्रमांक नेहमीच्या आवाजात सांगितला.