देवाचा दरबार

तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे गाव वसले आहे. गावात मेंगाई देवीचे देऊळ आहे. भोर आणि वेल्हे या डोंगराळ मुलखातील खेड्यांत एकादशीच्या रात्री देवळातून टाळमृदंगाचा नाद ऐकू येतो. सतरंजीवर गावकरी दाटीवाटीने बसलेले असतात. एखादा वाटसरू दारात येऊन उभा राहिला, तर बसलेली माणसे थोडी सरकतात व त्याला जागा करून देतात. भजन कसे म्हणावे, टाळ कसा धरावा हे त्याला कोणी शिकवीत नाही. तो नुसता बसतो, ऐकतो आणि थोड्याच वेळात त्याचे ओठ इतरांबरोबर हलू लागतात.

परंतु ज्या धर्माची रीत आपल्याला ठाऊक नाही, त्या धर्माच्या उपासनामंदिरात पहिल्यानेच जावयाचे झाले, तर मन बिचकते. आत येऊ देतील काय? काही चुकले तर लोक हसतील काय? आपल्या माणसांना काय वाटेल? एके काळी हे प्रश्न महाराष्ट्रात फार मोठे होते.

पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. तेथील पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा दुरूनही दिसतो. या मिशनमध्ये 1890 साली पुण्यातील काही नामांकित गृहस्थांना बोलावणे आले. त्यांत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे हेही होते. पाहुण्यांपुढे चहा ठेवण्यात आला. कोणी तो घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. पुढे त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात मोठी खळबळ उडाली. ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा घेतला, म्हणून या मंडळींवर ग्रामण्य झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी लोकमान्य आणि न्यायमूर्ती या दोघांनीही प्रायश्चित्त घेतले. एक पेलाभर चहाची जर ही कथा, तर एकमेकांच्या उपासनेत जाऊन बसणे किती दुरापास्त असेल!

याच काळात एका कवीच्या मनात निराळेच विचार घोळत होते. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म 1861 साली कोकणात झाला. संस्कृत व मराठी काव्याचा त्यांचा व्यासंग मोठा होता. एकदा आगगाडीतून प्रवास करीत असता डब्यातील एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' हा ग्रंथ भेट दिला. टिळकांनी तो वाचला, त्यावर पुष्कळ चिंतन केले आणि 1895 साली मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या घटनेने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळले. त्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पती परधर्मात गेला, हे दुःख त्यांना सोसवेना. काही वर्षे त्या माहेरच्या व नात्यातील माणसांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे राहावयास आल्या, तरी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. भोवतालची ख्रिस्ती माणसे प्रेमाने वागत. पण त्यांच्या हातचा पाण्याचा थेंबही बाई घेत नसत. त्यांना कोणी तसे करावयास भागही पाडले नाही.

राहुरीस असता लक्ष्मीबाईंच्या मनाने एक प्रश्न घेतला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने गाय निराळी केली, घोडा निराळा केला. त्यांचे आकारच वेगळे आहेत. माणसांच्या जाती देवाने केल्या असत्या, तर माणसांच्या घडणीतही असा भेद दिसला असता. तो तर कोठेच दिसत नाही! तेव्हा हा भेद माणसाचाच, असे त्यांनी ठरविले आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. पुढे 1900 साली त्यांनीही आपखुशीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही सर्व हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मोठ्या सरळपणाने सांगितली आहे. तो ग्रंथ आज मराठी भाषेचा अलंकार मानला जातो.

टिळक आता ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत जाऊ लागले होते. तेथे अनेक गीते इंग्रजीवरून भाषांतरित केलेली असत आणि ती इंग्रजी चालींवर म्हटली जात. खेड्यातून आलेल्या साध्याभोळ्या माणसाला ते शब्द आणि ते सूर परके वाटत. टिळकांचे मन तर ओवी आणि अभंग यांवर पोसलेले होते. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून पोहोचविले, असे ते मानीत. मग मराठी माणसाने देवाला हाक मारावी, ती मराठी सुरातच का नसावी? टिळकांनी शेकडो भजने व अभंग रचले. टाळमृदंगांच्या साथीवर ती म्हटली जाऊ लागली. टिळक आणि लक्ष्मीबाई दोघेही कीर्तने करीत. ओवीवृत्तात ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी आरंभिले. त्यांच्या पश्चात त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचिला.

तरीही टिळकांचे समाधान होईना. गीतांची भाषा बदलली. परंतु मंदिराचे दार पुरेसे रुंद झाले नाही, अशी खंत त्यांना वाटत होती. बाहेरच्या माणसाला मंडळींत बसावेसे वाटले, तरी आपण 'त्यांच्यातले' नाही या विचाराने तो मागे फिरे. अखेर 1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली व संन्यस्त वृत्तीने ते सातारा येथे राहू लागले. नीरा नदी ओलांडून, खंबाटकीचा घाट चढून भोरकडील माणूस जेथे जातो, तेच हे सातारा. तेथे त्यांनी एक मंडळी स्थापन केली आणि तिला 'देवाचा दरबार' असे नाव दिले.

राजाच्या दरबारात मानकऱ्यांची आसने ठरलेली असतात आणि सामान्य माणसाला देवडीवरच थांबावे लागते. या दरबाराची रीत याच्या उलट होती. ज्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आहे, त्याने यावे आणि ज्याने घेतलेली नाही, त्यानेही यावे. देवावर प्रेम आणि माणसावर प्रेम, एवढेच येथे येणाऱ्याकडे मागावयाचे, असा टिळकांचा हेतू होता. हे सर्वांनाच रुचले असे नाही. हिंदू समाजातील अनेकांना टिळक परके झालेलेच होते. आता काही ख्रिस्ती लोकांनाही त्यांचा हा मार्ग धाडसाचा वाटला. दोन्हीकडचा दुरावा पत्करून टिळकांनी आपले दार उघडे ठेवले. परंतु हे कार्य रुजविण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही. 1919 साली मुंबईस त्यांचे देहावसान झाले. दरबार फार काळ टिकला नाही. मात्र त्यांची भजने टिकली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून ती आजही महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी भक्तिभावाने गातात.

आज एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या ख्रिस्ती मित्राबरोबर रविवारी उपासनेला गेली, तर काय दिसेल? प्रथम एक आश्चर्य वाटेल. पुष्कळ मराठी ख्रिस्ती माणसे आपल्या उपासनामंदिराला 'देऊळ' असेच म्हणतात. शहरातील जुन्या देवळांत लाकडी बाके असतात. खेड्यांत कित्येक ठिकाणी पादत्राणे बाहेर काढून सतरंजीवर बसतात. पेटी व तबला यांच्या साथीने भजन सुरू होते. पवित्र शास्त्रातील उतारा वाचला जातो आणि धर्मगुरू त्यावर प्रवचन करतात. आजारी, दुःखी आणि अडचणीत सापडलेल्या माणसांसाठी प्रार्थना होते. मंडळी उभी राहिली की पाहुण्यानेही उभे राहावे व बसली की बसावे. प्रभुभोजनाचा विधी दीक्षा घेतलेल्यांसाठी असतो. त्या वेळी पाहुण्याने आपल्या जागी शांत बसावे. त्यात कमीपणा काहीच नाही. उपासना संपल्यावर अंगणात कोणीतरी पुढे येऊन विचारपूस करते आणि लक्षात येते की, ज्याची भीती वाटत होती ते परके घर माणसांनीच भरलेले आहे.

दुसऱ्याच्या देवळात आदराने बसल्याने आपला धर्म उणा होत नाही. कोणता धर्म आचरावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते आणि भारताच्या संविधानाने ते स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे. परंतु नवख्या माणसाला जागा देणे, हे मात्र सर्वांचेच कर्तव्य होय. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. बसलेल्याने थोडे सरकावे लागते, एवढेच.

अभ्यास

1. पंचहौद मिशनमधील चहामुळे पुण्यात खळबळ का उडाली?
2. लक्ष्मीबाईंनी जातिभेदाविषयी कसा विचार केला? तो तुमच्या शब्दांत लिहा.
3. राजाचा दरबार आणि 'देवाचा दरबार' यांतील फरक सांगा.
4. पुढील शब्दांचे अर्थ लिहून वाक्यांत उपयोग करा : व्यासंग, दुरापास्त, आपखुशीने, देवडी, देहावसान.
5. तुमच्या गावातील भजनाला एखादा नवखा मुलगा आला, तर तुम्ही त्याचे स्वागत कसे कराल? दहा ओळी लिहा.