कचेरीचा दूरध्वनी सिमकार्डाच्या जाळ्याशी जोडणे
पन्हाळा तालुक्यातील कोडोलीशेजारी, वारणानगरच्या परिसरात, १९९८ साली सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प निघाला. परंतु तारेची जोडणी तुटली की कचेरीतील एक्स्चेंज आतल्या आत बोलण्यापुरतेच उरते. अशा वेळी सिमकार्डावरून बोलणे बाहेर नेणाऱ्या पेटीस गेटवे म्हणतात.

खरेदीपूर्वी पेटी कोणत्या पिढीची हे पाहावे. जिओचे जाळे २०१६ साली केवळ चौथ्या पिढीचे म्हणूनच सुरू झाले. तेथे दुसऱ्या पिढीची जुनी, स्वस्त पेटी निरुपयोगी ठरते.

सिमकार्ड कचेरीच्या नावे घ्यावे व त्याचा पिन बंद करून ते पेटीत बसवावे. अँटेना खिडकीशी, लोखंडी कपाटापासून दूर असावा. पेटी व एक्स्चेंज एकाच स्थानिक जाळ्यात घेऊन दोहोंत परस्परांचा पत्ता नोंदवावा. बाहेरून येणारा फोन कोणत्या अंतर्गत क्रमांकावर वाजावा, हेही ठरवावे. नवशिक्याकडून नेमके हेच राहून जाते, आणि पालकाचा फोन कोठेच वाजत नाही. एका कार्डावर सामान्यतः एका वेळी एकच बोलणे होते, हेही ध्यानी असावे.

कारखान्यातून आलेला संकेतशब्द तत्काळ बदलावा व पेटी इंटरनेटवर उघडी ठेवू नये. परदेशातील बोलणी अशा पेट्यांतून चोरून उतरविणे हा गुन्हा आहे, आणि चौकशी प्रथम कार्ड ज्याच्या नावे त्याचीच होते.

वीज जाताच पेटीही मुकी होते. म्हणून तिला बॅटरीचा आधार द्यावा. शिवाय आजारी मुलाच्या घरी निरोप देण्यासाठी एक साधा मोबाइल मुख्याध्यापकांच्या मेजावर राहू द्यावा.