कापसाची धूळ

सिंदफणेच्या काठी वसलेले शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. या भागात पाऊस बेताचाच. तरीही काळ्या जमिनीत कापूस चांगला येतो. बोंडे उमलली म्हणजे पांढऱ्याशुभ्र शेताकडे पाहून शेतकऱ्याचे मन प्रसन्न होते. मात्र वेचणीच्या वेळी बोंडाला लगटून असलेली वाळकी पाने चुरडून कापसात मिसळतात. शेतातील मोकळ्या वाऱ्यात हा चुरा उडून जातो. कारखान्याच्या चार भिंतींत मात्र त्याला वाट मिळत नाही.

वेचलेला कापूस प्रथम जिनिंगमध्ये जातो. तेथे सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधून त्या सूतगिरणीकडे पाठवितात. गिरणीत गाठ फोडावयाची, रुई झोडपून मोकळी करावयाची आणि मग कार्डिंग खात्यात असंख्य बारीक दातांच्या यंत्रावर ती पिंजावयाची, असा क्रम असतो. पिंजारी आपल्या धनुकलीने जे काम दिवसभर करीत असे, तेच हे यंत्र प्रचंड वेगाने करते. साहजिकच धूळही तितक्याच वेगाने उडते. केसांवर व भुवयांवर बसणारे तंतू दिसतात, झटकता येतात. खरा अपाय करते ती न दिसणारी, श्वासाबरोबर आत जाणारी बारीक धूळ.

या धुळीने होणाऱ्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. पानांच्या चुऱ्यावर वाढलेल्या जंतूंचे विष धुळीबरोबर फुप्फुसात जाते, श्वासनलिका आकुंचन पावतात आणि छाती आवळल्यासारखी वाटते. हा विकार फार फसवा आहे. आरंभी तो केवळ सोमवारी प्रकट होतो! रविवारची सुट्टी घेऊन कामगार कामावर येतो, काही तासांनी त्याला दम लागतो. मंगळवारी बरे वाटते. रोजच्या धुळीला शरीर काहीसे सरावते आणि एक दिवसाच्या खंडाने तो सराव मोडतो, म्हणून असे घडते. रोग्याला मात्र वाटावे, की सुट्टीतच काही बाधले असेल. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली होती. त्या बिचाऱ्या रविवारचा यात काहीच दोष नाही.

पुढे पुढे मंगळवार, बुधवारही त्रासाचे होतात. अनेक वर्षे धुळीत काढल्यावर दम कायमचा जडतो, आणि मग काम सोडूनही फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत. विडी ओढणाऱ्याची स्थिती तर अधिकच बिकट होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या छातीच्या विकारांचा अभ्यास केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील सूचनीय रोगांच्या यादीत बिसिनोसिसचा समावेश होता; रोगी आढळल्यास डॉक्टरने ते कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयास कळवावयाचे असे. परंतु सोमवारचा दम म्हणजे रोग, हे रोग्यालाच ठाऊक नसेल, तर तो डॉक्टरकडे जाणार कसा?

रोग टाळण्याचा मुख्य उपाय धूळ उडते तेथेच ती ओढून घेण्याचा होय. यंत्रे झाकावयाची व नळ्यांनी धूळ शोषून घ्यावयाची. अमेरिकेने १९७८ साली सूत कातण्याच्या कामासाठी दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम ही कापसाच्या धुळीची मर्यादा घातली. त्यानंतर तेथे हा रोग झपाट्याने घटला. तोंडावरील मुखपट्टी उपयोगी खरी, पण उकाड्यात आठ तास ती बांधून ठेवणे सोपे नाही. तिच्यावरच सारा भार टाकणे योग्य नव्हे. झाडताना उडणारी धूळही कमी नसते. म्हणून केरसुणीऐवजी शोषक यंत्र वापरणे बरे.

१९८२ च्या संपानंतर मुंबईतील बहुतेक कापड गिरण्या बंद पडत गेल्या. तथापि कापूस पिकतो तोवर जिनिंग चालणार आणि सूतही कातले जाणार. तेथील कामगाराची तपासणी फारशी अवघड नाही. सोमवारी कामावर जाण्यापूर्वी त्याने एका साध्या यंत्रात जोराने श्वास सोडावयाचा, पाळी संपल्यावर पुन्हा तसेच करावयाचे. दुसऱ्या वेळचा आकडा बराच खाली आला, तर त्याला धुळीच्या खात्यातून वेळीच हलविता येते. या अवस्थेत फुप्फुसे बहुधा पुन्हा सुधारतात.